धबधब्याच्या अलीकडे

३ डिसेंबर

आत्याचा हात मोडला. तलावावर नाही, बर्फावर नाही, स्वयंपाकघरात. वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टुलावर चढली. स्टूल जागच्या जागी राहिलं आणि आत्या खाली आली. "एवढे हिवाळे गोठत्या पाण्यावर काढले, साधं खरचटलं नाही," असं ती डॉक्टरांना पुन्हा पुन्हा सांगत होती, जणू त्यांनी स्टुलाला बोलावून जाब विचारावा. खांद्याला पट्टा, मनगटाला प्लास्टर. हिवाळा संपेपर्यंत वल्हं हातात धरायचं नाही.

येताना गाडीत ती बाबांना म्हणाली, "दादा, तू शेपटाला. पुढे ही."

"बरं," बाबा म्हणाले.

ही म्हणजे मी. मी मागच्या सीटवर होते. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

४ डिसेंबर

घाबरल्यावर सगळं क्रमाने लिहून काढलं की मला बरं वाटतं, म्हणून लिहिते.

हिवाळ्यात आमच्या घरात एकच काम चालतं. डोंगरांमधला हा तलाव कडेने गोठतो, मधे गोठत नाही. हॉटेलात उतरलेले, जन्मात कधी वल्हं न धरलेले लोक येतात. आम्ही त्यांना पाणी आत न येणारे सूट चढवतो, कयाकमध्ये बसवतो आणि तलावाच्या दुसऱ्या टोकाला, गोठलेल्या धबधब्यापर्यंत नेऊन आणतो. पुढच्या नावेत आत्या, मधे पाहुणे, शेवटी मी. शेवटच्या नावेला आम्ही शेपूट म्हणतो. शेपटाचं काम मला फार आवडतं. सगळे समोर दिसतात आणि कुठे जायचं ते आपल्याला ठरवावं लागत नाही.

मी शाळेत उशिरा गेले. तोवर बाबा आणि आत्यानेच शिकवलं, नावांच्या शेडमध्ये. वर्गात मी एकटी, मास्तर दोन. बाबांची शिकवायची पद्धत एकच: मी काहीही म्हटलं की ते विचारायचे, "कशावरून?" त्याचा परिणाम असा की "घाबरू नका, काही होणार नाही" हे वाक्य माझ्या तोंडून निघतच नाही. आणि नवशिक्यांना पाण्यावर नेणाऱ्या माणसाला तर दिवसभर तेच वाक्य लागतं.

६ डिसेंबर

पहिली सफर झाली. झाली म्हणजे अर्धी झाली.

निघण्याआधीच्या सूचना आत्या द्यायची तेव्हा लोक हसायचे. "पडलात तर ओले व्हाल, ओले झालात तर चहा मिळेल," एवढ्यात तिचं आटपायचं. मी सगळं सांगितलं. गार पाण्यात पडल्यावर पहिला श्वास आपोआप कसा ओढला जातो, बोटं किती लवकर कामातून जातात, नाव उलटली तर काय धरायचं आणि काय सोडायचं, वारा कुठून येतो आणि येण्याआधी कळवत का नाही. एक जोडपं "आलोच, मफलर राहिला" म्हणून हॉटेलकडे गेलं. मी बाकीच्यांना घेऊन थांबून राहिले.

शेवटी बाबा म्हणाले, "मफलर बराच लांब राहिलेला दिसतोय. चल."

उरलेल्यांत एक दातांचे डॉक्टर होते. त्यांनी वर्गातल्यासारखा हात वर केला. "आम्ही मरण्याची शक्यता किती?"

"सांगितलेलं पाळलंत तर फार कमी," मी म्हटलं. "पण शून्य म्हणता येणार नाही."

"वा," ते म्हणाले. "मी दिवसभर लोकांना सांगतो, अजिबात दुखणार नाही म्हणून. कुणाच्या तरी तोंडून खरं ऐकलं, बरं वाटलं."

टोमणा होता.

मग सूटमधली हवा काढायची. उकिडवं बसायचं, गुडघ्यांना मिठी मारायची आणि गळ्याची रबरी पट्टी बोटाने जरा ओढायची. हवा निघताना जो आवाज होतो तो चार माणसांत होऊ नये असा असतो. आत्या नेहमी आधी स्वतःची हवा काढते, म्हणजे पाहुणे लाजत नाहीत. मीही तसंच केलं. माझा आवाज सगळ्यांत मोठा आला.

"गुरूला शोभेल असा," दातांचे डॉक्टर म्हणाले. बाबा तोंड फिरवून नावांचे दोर तपासू लागले. ते दोर त्यांनी आधीच तपासले होते.

तलावाच्या मध्यावर एक खडक आहे, उंट बसल्यासारखा. लहानपणापासून शिकलेय, उंटाच्या पायाशी पांढरा फेस दिसला की मागे फिरायचं. दिसला. मी सगळ्यांना परत आणलं.

"किती फेस होता?" आत्याने विचारलं.

"चहावर येतो तेवढा."

 "मी असते तर गेले असते," असं आत्या म्हणाली नाही. ते जास्त लागलं.

८ डिसेंबर

हॉटेलच्या मॅडम आल्या होत्या. त्या हॉटेलच्या मालकही आणि व्यवस्थापकही. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, बुटांना आरशासारखं पॉलिश. आमच्या धक्क्याच्या फळ्या जिथे सुरू होतात तिथे त्या थांबल्या, एका हाताने कठडा धरून, आणि तिथूनच बोलल्या. मी धक्क्याच्या टोकाला नावा पुसत होते. त्यांना पुढे यायला जमलं नाही आणि मला पुढे जायला सुचलं नाही, त्यामुळे आमचं सगळं संभाषण ओरडून झालं.

"पाहुणे परत आले म्हणे, धबधबा न बघता."

"हो. उंटापाशी फेस होता."

"हॉलमधल्या पाटीवर मोठा धबधबा छापलाय. लोक पाटी बघून येतात."

"हो, मॅडम."

"मोटरबोटवाला मागे लागलाय. बंद काचेच्या बोटीतून, बसल्या जागी, थेट धबधबा. फेब्रुवारी संपेपर्यंत बघते, मग ठरवते पुढच्या हिवाळ्यात धक्का कुणाला द्यायचा ते."

धक्का हॉटेलचा आहे. बाकी सगळीकडे काठाला उभे कडे आहेत, तेव्हा धक्का गेला की आमच्या सफरी गेल्या. आत्याने उभ्या आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही आणि मला दुसरं काही येत नाही.

घरी सांगितलं. हेही सांगितलं की त्यांनी आमच्या फळ्यांवर पाऊलसुद्धा ठेवलं नाही. एवढी आमची किंमत.

आत्या प्लास्टरच्या आत विणायची सुई घालून खाजवत होती. "कधीच नाही ठेवत ती," म्हणाली. "हॉटेल घेतल्यापासून बघतेय."

म्हणजे हा राग जुना आहे. मला कल्पनाच नव्हती.

१५ डिसेंबर

तीन सफरी. एकदा फेस. एकदा धुकं. तिसऱ्यांदा फेस नव्हता, धुकं नव्हतं, पण डोंगराच्या खिंडीत ढग ज्या तऱ्हेने बसला होता ते मला पटलं नाही. परत फिरवलं. आम्ही काठाला लागल्यावर बऱ्याच वेळाने वारा आला, आणि तोही झुळूक म्हणावी असाच. मी खिडकीशी उभी राहून त्याला मनातल्या मनात म्हणत होते, अरे जरा तरी जोरात ये.

"ढग न पटणं हे कारण आहे का?" मी बाबांना विचारलं.

ते विचार करून म्हणाले, "अर्धं."

२२ डिसेंबर

दातांचे डॉक्टर पुन्हा आले, या वेळी बायकोला घेऊन. मला वाटलं तक्रार करायला आले. तर म्हणाले, "हिला बंद जागेची, उंच जागेची आणि खोल पाण्याची भीती वाटते. हिला म्हटलं, एक मुलगी आहे, तुझ्यापेक्षा जास्त घाबरते. ही लगेच तयार झाली."

बाई मनमोकळ्या हसल्या. मीही हसले. पण एखाद्या सफर नेणाऱ्या माणसाविषयी याहून वाईट काही बोलता येईल असं मला वाटत नाही.

आज धबधबा दिसला. पाणी काचेसारखं होतं, वल्ह्यावरून ओघळणारे थेंब पडेपर्यंत गोठतायत की काय असं वाटावं इतकी थंडी. शेवटच्या वळणावर बर्फाची निळी झुंबरं दिसू लागली, आणि तेवढ्यात बाईंचे खांदे हलताना दिसले. आत्याचा नियम आहे: नावेतल्या एकाचेही खांदे थंडीने कापायला लागले की सगळ्या नावा परत. तो माणूस "मी ठीक आहे" म्हणाला तरी परत. कापणारा माणूस नेहमी ठीक आहे म्हणतो.

परत फिरवलं. धबधब्याच्या इतकं जवळ जाऊन याआधी कुणी परत आलं नसेल.

काठावर दातांच्या डॉक्टरांनी माझा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला. नंतर ते हॉटेलच्या पायऱ्यांवर मॅडमशी बोलताना दिसले, हातवारे करून. सगळं सांगितलं असणार.

४ जानेवारी

एक विचित्र गोष्ट. सफरी भरलेल्या आहेत. पण माणसं कसली येतायत. आज एक गृहस्थ होते, ते लिफ्टमध्ये बसत नाहीत. दोघी बहिणी होत्या, त्या एकमेकींचा हात सोडायला तयार नव्हत्या. दोन माणसांच्या नावेत एकमेकींच्या मागे बसून हात धरता येत नाही हे त्यांना पटवायला वेळ गेला. शेवटी मागचीने पुढचीच्या जॅकेटचा पट्टा धरला आणि वल्हं एकटी पुढची मारत राहिली. त्यांनी जाताना विचारलं, पुढच्या वर्षी तारखा कधी लागतात.

मला काय ते कळलं. हॉटेलच्या काउंटरवरून भित्री माणसं वेचून माझ्याकडे पाठवली जातायत. धीट माणसं मोटरबोटवाल्यासाठी राखून ठेवली असतील.

आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "वकीलबाई, तुमचं पुराव्याचं काम पक्कं असतं, निकाल मात्र चुकतो." मी वकीलबाई म्हणू नकोस म्हटलं. तिने प्लास्टरवर माझ्याकडून "वकीलबाई" असं लिहून घेतलं. डाव्या हाताने तिला जमत नाही.

१२ जानेवारी

मॅडम पुन्हा फळ्यांच्या तोंडाशी. पुन्हा कठडा. या वेळी त्यांनी मला हाक मारून जवळ बोलावलं आणि प्रश्न विचारले. एकेक प्रश्न असा की आधी घरी बसून काढलेला असावा.

"मधे किती खोल आहे?"

मी सांगितलं.

"पोहता येत नसेल तर?"

"तरंगतं जॅकेट माणसाला वर ठेवतं. पोहावं लागत नाही. स्वस्थ पडून राहावं लागतं, आणि तेच लोकांना जमत नाही."

"नाव उलटल्यावर आत अडकतो माणूस?"

"आमच्या नावा वरून उघड्या आहेत, मॅडम. अडकायला काही नाही. माणूस आपोआप बाहेर पडतो. पण ते आधी करून बघितल्याशिवाय कुणाला खरं वाटत नाही, म्हणून मी प्रत्येक सफरीआधी काठाजवळ स्वतः पडून दाखवते."

"दर वेळी?"

"दर वेळी."

त्या बराच वेळ पाण्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "आणि कुणी मधेच म्हणालं, मला नको, तर?"

"तर परत."

"चिडत नाहीस?"

"मीच बऱ्याचदा आधी म्हणते," मी म्हटलं, आणि लगेच जीभ चावली. परीक्षेत असं उत्तर कोण देतं?

त्या वळून गेल्या. बर्फावरून चालताना मात्र किती ताठ आणि झरझर चालतात.

२५ जानेवारी

हे लिहायची इच्छा नाही, पण लिहायचं ठरवलंय तर लिहिते.

आज मी सगळ्यांचे सूट तपासले. गळे, मनगटं, झिपा. एकेक झिप दोनदा. एका आजोबांची झिप तिसऱ्यांदा बघितली तेव्हा ते म्हणाले, "मुली, माझ्या आईनेही एवढं बघितलं नव्हतं." मग मी नेहमीसारखी काठाजवळ नावेत बसले, सांगितलं की आता मी पडणार आहे, तुम्ही नीट बघा, आणि पडले.

माझी स्वतःची झिप उघडी होती.

पाणी पाठीतून आत शिरलं. बर्फाच्या सुया पाठीवर एकदम ओतल्यासारखं. मी उभी राहिले तर दोन्ही पाय पाण्याने भरून हत्तीचे झालेले. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "हे असं होऊ नये म्हणून झिप बघायची."

आजोबा टाळ्या वाजवू लागले, मग सगळेच. बाबांनी मला दंडाला धरून काठावर काढलं, उलटं करून रिकामं करावं तसं वाकवलं आणि शेडमध्ये शेकोटीपाशी नेऊन बसवलं. मी म्हटलं आजची सफर रद्द. लोक म्हणाले, आम्ही थांबतो. ते शेडमध्ये दाटीवाटीने बसून माझे पाय कोरडे व्हायची वाट बघत राहिले, माझाच चहा मला पाजत. एक बाई म्हणाल्या, "आता मला काही वाटत नाही. जे व्हायचं ते तुला होऊन गेलं."

हॉटेलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतला पडदा हलला होता. मॅडमच्या खोलीची खिडकी. संपलं सगळं.

आत्या ऐकून इतकी हसली की खांदा दुखला आणि ती हसत हसत कण्हायला लागली. "अगं, पण मग तू काय केलंस?"

"हातपाय हलत होते, पाणी कमरेएवढं होतं. उभी राहिले."

"घाबरलीस?"

मी आठवून बघितलं. खरं म्हणजे नाही. लाज वाटली, ती इतकी की भीतीला जागाच उरली नव्हती.

९ फेब्रुवारी

मॅडमनी बाबांकरवी निरोप पाठवला. ठरवण्याआधी त्या स्वतः येऊन बघणार आहेत. सोमवारी पहाट उलटल्यावर लगेच, पाहुणे उठायच्या आत. बरोबर दुसरं कुणी नको, आणि याची चर्चा नको.

म्हणजे अचानक तपासणी. 

आत्याने निरोप दोनदा सांगायला लावला. मग जेवणावरून उठून गेली आणि तिकडच्या खोलीत तिचा खोकल्यासारखा आवाज येत राहिला. परत आली तेव्हा डोळे पुसत होती. "दोघींची नाव घे," म्हणाली. "तिला पुढे बसव, तू मागे."

"आणि शेपूट?"

"एकच नाव आहे. दादा काठावर तयार राहील."

"धबधब्यापर्यंत गेलंच पाहिजे ना या वेळी?"

"वारा बघ, पाणी बघ, माणूस बघ," आत्या म्हणाली. हे तर ती मी एवढीशी होते तेव्हापासून म्हणतेय. मला त्या दिवसापुरतं काहीतरी हवं होतं.

१३ फेब्रुवारी, सोमवार

आधी हवा. वाऱ्याचं नावही नाही. उंटाच्या पायाशी पाणी असं, की उंट दोन दिसत होते, एक सरळ आणि एक उलटा. खिंडीत ढग नाही. अख्ख्या हिवाळ्यात असा दिवस मिळाला नाही. आज धबधबा न दाखवायला माझ्याकडे एकही कारण नव्हतं.

मॅडम बरोबर वेळेवर आल्या. चेहरा पांढराफटक, ओठ घट्ट. मी इतकं कडक तोंड कधी बघितलं नव्हतं.  हवा काढायला उकिडव्या बसल्या आणि आवाज झाला, तरी चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मी पडून दाखवलं. (झिप आधी बाबांकडून तपासून घेतली.) त्या म्हणाल्या, "पुन्हा." मी पुन्हा पडले. "आणखी एकदा." मी आणखी एकदा पडले. तपासणी असावी तर अशी.

"धक्क्यावरून नको," त्या म्हणाल्या. अजूनही आमच्या फळ्या नकोच. मग बाजूच्या बर्फाच्या उतारावर नाव ठेवली, त्यांना त्यातच बसवलं, मी मागे बसले आणि बाबांनी हलकेच ढकललं. बर्फावरून नाव सरकत गेली आणि सळ्ळकन पाण्यात उतरली. त्यांच्या तोंडून बारीक आवाज आला. बोट उतरवायची पद्धत पसंत पडली नसावी.

मागे बसलं की माणसाचा चेहरा दिसत नाही. टोपी, मान आणि खांदे दिसतात. मॅडम वल्हं पाण्यात बुडवतच नव्हत्या, वरच्या वर हवा कापत होत्या. दोघींचं मीच मारत राहिले. काठावरचा बर्फाचा पापुद्रा नावेखाली चुरचुरत होता. त्याचा आवाज आला की त्या विचारायच्या, "हे काय?" मी सांगायचे, "पापुद्रा." जरा वेळाने पुन्हा, "आणि हे?" "तोच."

उंट मागे पडला. मी धीर करून म्हटलं, "मॅडम, आज दिवस फार चांगला आहे."

"कशाला?" त्यांनी विचारलं, मान न वळवता.

"धबधब्याला."

"हं."

शेवटचं वळण आलं. समोर झुंबरं, खालपासून वरपर्यंत निळी, आणि मधून कुठूनतरी एक बारीक धार अजून वाहती. तिचा आवाज पाण्यावरून थेट येत होता. एवढ्या जवळ. तेवढ्यात माझं लक्ष खांद्यांकडे गेलं.

कापत होते. चांगले कापत होते.

मी वल्हं थांबवलं. खरं सांगायचं तर लगेच नाही थांबवलं. आणखी थोडी गेले. मनात हिशेब चालला होता: आज पोचलो तर धक्का आपला. धबधबा बघायला म्हणून हॉटेलची मालकीण स्वतः आली आणि तिलाही परत आणलं, असं झालं तर मोटरबोटवाल्याला दुसरं काही बोलावंच लागणार नाही. आत्याच्या हाताचं प्लास्टर आठवलं. एवढीशी थंडी, मी स्वतःशी म्हटलं, पाचच मिनिटं, कुणाला काय होतंय. मग त्यांच्या हातातलं वल्हं नावेच्या कडेवर टकटक वाजायला लागलं.

"थंडी वाजतेय का, मॅडम?"

वल्हं टकटकतच होतं. मग, "हो. थंडीच वाजतेय."

"परत फिरवते."

"मी सांगितलं नाही परत फिरव म्हणून."

"नाही. पण तुमचे खांदे कापतायत."

मी नाव वळवायला घेतली. मोठी नाव, हळूहळू वळते. धबधबा डावीकडे सरकत सरकत मागे गेला. मला रडू येईल की काय असं वाटत होतं, म्हणून मी जास्त जोरात वल्हं मारलं.

त्यांनी विचारलं, "आज तर सगळं चांगलं होतं ना? वारा, पाणी?"

"हो."

"मग मी सांगितलं असतं, चल पुढे, तर?"

"तरी परतच, मॅडम. तुम्ही माझ्या नावेत आहात." हे मी जरा उद्धटपणे म्हटलं असावं. आता काय, धक्का गेलाच होता.

 मग एक गंमत झाली. उंटाच्या अलीकडे त्यांचे खांदे थांबले. मी म्हटलं चहा देऊ का, तर म्हणाल्या, नको, जरा थांबव. थांबवलं. त्यांनी एका हाताचा मोजा काढला आणि बोटं पाण्यात घातली. काढली नाहीत.

"साधारण चार अंश असेल," मी सांगितलं.

"असं का," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. मागून हसू दिसत नाही, पण टोपी हलली. नंतर काठापर्यंत त्यांनी स्वतः वल्हं मारलं. वाकडं तिकडं, मला भिजवत, पण मारलं.

उतारावर नाव परत चढवता येत नाही, तेव्हा धक्क्यालाच लागावं लागलं. मी आधी वर चढले आणि हात दिला. माझे पाय इतके लटपटत असणार की त्यांना ते दिसलं. त्यांनी माझा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि अख्खा धक्का संपेपर्यंत सोडला नाही. एकेक फळी बघून पाऊल टाकत होत्या, मला सांभाळत. माणूस वाटतो तेवढा कठोर नसतो.

दंडावर बोटांचे वळ उठलेत.

१४ फेब्रुवारी

मी आत्याला सगळं सांगितलं. थांबायला उशीर केला तेही सांगितलं. ती म्हणाली, "मीही केला असता. जास्तच केला असता."  मला वाटलं आता सांत्वन करेल. तर म्हणाली, "प्लास्टर निघालं तरी पुढे तूच राहा. मी शेपटाला येईन."

"धक्काच नसेल तर कसली शेपटं?"

बाबा नावेला मेण लावत होते. "कशावरून?" म्हणाले.

२७ फेब्रुवारी

मॅडम आल्या. मी शेडमध्ये सूट वाळत घालत होते, त्या दारात उभ्या.

"पुढच्या हिवाळ्यात धक्का तुमच्याकडेच," त्या म्हणाल्या. "मोटरबोटवाल्याला मी नाही म्हणून सांगितलं. हॉलमधली पाटीही काढली. एवढा मोठा धबधबा बघून माणूस आधीच दडपतो."

 आभार मानायचे असतात हेही सुचलं नाही.

"पण मॅडम, आपण तर पोचलोच नाही."

"मी होते ना नावेत," त्या म्हणाल्या. "मला माहीत आहे कुठवर गेलो ते."

मग त्यांनी दाराबाहेर कुणी नाही ना ते बघितलं आणि आवाज खाली आणला. "पुढच्या सोमवारी माझी बहीण येतेय. तिला घेऊन येईन. मीही बसेन. ती माझ्यापेक्षा वाईट आहे, सांगून ठेवते."

त्यांच्यापेक्षा वाईट. मी दुपारपासून कामाला लागलेय. गळ्याच्या सगळ्या रबरी पट्ट्या बदलल्या, झिपांना मेण लावलं, वल्ह्यांच्या मुठी घासल्या. बाबा म्हणाले, एवढं तर नवीन असतानाही चकाकत नव्हतं. मी म्हटलं, यांची एक नजर आपण बघितली, आता दोन नजरा आहेत.

आत्या मोकळा झालेला हात उन्हात धरून बसली होती, अजून काटकुळा दिसतो. तिला विचारलं, "बहिणीला काय काय करून दाखवू?"

"काही करून दाखवू नकोस," ती म्हणाली. "फक्त वेळेवर परत फिरव."

तेवढं मला येतं.